महिनाभराची नोटीस

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी काही वर्षं नोकरी केली. देशांना गुण द्यायचे, हे तिथलं माझं काम. ऐकणाऱ्याला हसू यायचं. आमच्या लोणावळ्याच्या रेल्वे चाळीतल्या शेजारीण मावशी तर विचारायच्या, "मग आपण पास का नापास?"

काम मात्र गंभीर होतं. आमच्या सरांची अशी कल्पना होती, की कायदा म्हणजे देशाने आपल्या माणसांना मोठ्याने सांगितलेली गोष्ट असते. अमुक चालेल, तमुक यापुढे चालणार नाही. ही गोष्ट कोणता देश किती ठळकपणे सांगतो, ते मोजता आलं पाहिजे. बायकांना मताचा हक्क आहे का, मुलीला वडिलांच्या इस्टेटीत वाटा आहे का, घटस्फोट मिळतो का, जात किंवा धर्म न बघता लग्न करता येतं का, मागे राहिलेल्यांसाठी नोकरीत जागा राखल्या आहेत का. कायदाच नसेल तर शून्य, अर्धामुर्धा असेल तर एक, पुरता असेल तर दोन. आम्ही तिघी-चौघी मुली लांब टेबलाशी बसून वेगवेगळ्या देशांचे कायदे वाचायचो आणि मोठ्या तक्त्यात आकडे भरायचो.

त्या तक्त्यात आपला देश फार वर होता. युरोपातल्या एका श्रीमंत देशात बायकांना मताचा हक्क नुकता कुठे मिळाला होता. आपल्याकडे तो पहिल्या निवडणुकीपासून. त्या ओळीत आपल्यापुढे दोन लिहिताना मला मनापासून आनंद झाला होता. संध्याकाळच्या गाडीत मी ते अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बाई, कशात तरी आपण पुढे आहोत."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही दोघी सकाळी एकाच गाडीने निघायचो. ती देहूरोडला उतरायची, मी पुढे पुण्याला.

तिचं लग्न लवकर झालं होतं. नवरा देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होता, शांत माणूस. लग्नानंतर चौथ्या वर्षी डेपोच्या आवारात मागे येणारा ट्रक त्याला दिसला नाही. मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर बाबा तिला लोणावळ्याला घेऊन आले. तिने गादी, भांडी सगळं सासरी ठेवलं आणि नवऱ्याची सायकल तेवढी आणली. ती सायकल कोणीच चालवली नाही. चाळीच्या मागच्या पडवीत ती उभी असायची.

पुढे डेपोतून निरोप आला, की नवऱ्याच्या जागी बायकोला नोकरी मिळू शकते. अक्का व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, झालेली होती. आमचं मूळ गाव कार्ल्याजवळ. तिथे बाबांचे थोरले भाऊ होते. घरची जमीन तेच बघायचे, भावकीत त्यांचाच शब्द चालायचा. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबांना ही नोकरी पसंत नव्हती. "मिल्टरीच्या डेपोत बाईमानसाचं काय काम? हितं शेतावर ऱ्हाईल की. दोन घास आमाला जड न्हाईत," असं ते म्हणाले.

बाबांनी त्यांचं ऐकून घेतलं, पण अक्काला नोकरीवर पाठवलं. बाबा लोणावळ्याच्या यार्डात होते. घाट चढून आलेल्या गाडीची मागची इंजिनं सोडवायचं काम त्यांच्याकडे असायचं. पहिल्या दिवशी रजा टाकून ते तिच्याबरोबर देहूरोडला गेले आणि ती सुटेपर्यंत डेपोच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर बसून राहिले. घरी आल्यावर आईने विचारलं, "दिवसभर काय केलंत?" तर म्हणाले, "काय करणार. फाटक बघत होतो." पुढे जे झालं ते सांगताना हा दिवस सांगायला हवा, नाहीतर बाबांवर अन्याय होईल.

नोकरीने अक्का हळूहळू बदलली. खोक्यांना लेबलं लावायचं काम होतं. सुरुवातीला ती गप्प असायची. मग डेपोतल्या गोष्टी सांगायला लागली. कोणत्या साहेबाला मराठी येत नाही, कोणती बाई डब्यात रोज भेंडीच आणते. कुंकू ती लावत नव्हती, पण एक दिवस तिने अबोलीचा गजरा घेतला आणि मला माळला. मग गजऱ्याचा उरलेला तुकडा हातात धरून बसली. मी म्हटलं, "लाव की." ती म्हणाली, "गाडीत बघतील." तरी देहूरोड येईपर्यंत तिने तो केसांत ठेवला आणि उतरायच्या आधी काढला.

त्याच डेपोत एक कारकून होता. लोहगडाच्या मागच्या उतारावर, पवनेच्या बाजूला डोंगरातली एक वस्ती आहे, तिथला. त्यांच्या घरात शाळेत गेलेला तो पहिलाच. मॅट्रिक झाला आणि राखीव जागेवर लागला. बोलायचा अगदी शुद्ध, जरा पुस्तकी. अक्का एकदा तापाने पडली होती, तेव्हा तिच्या रजेच्या अर्जावर सही घ्यायला तो आमच्या घरी आला. पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन आला होता. आईने चहा केला. बाबांनी त्याला घाटाबद्दल, इंजिनांबद्दल बरंच सांगितलं. तो गेल्यावर बाबा म्हणाले, "चांगला पोरगा आहे." आई म्हणाली, "डोंगरातला वाटत नाही."

नंतर कधीतरी, तळेगाव सोडल्यावर, गाडीत अक्काने मला विचारलं, "तुमच्या त्या तक्त्यात लग्नाचं काय आहे?"

"कसल्या लग्नाचं?"

"असंच. दोन वेगळ्या जातींची माणसं असली तर."

मी तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदा आहे, ना जात आड येते ना धर्म. दोघं सज्ञान हवीत, आधीचा जोडीदार हयात नको, झालं. सरकारी अधिकाऱ्यासमोर सही करायची. आईबापांची परवानगी लागत नाही.

"विधवा असली तरी?"

"असली तरी."

"किती गुण दिलेत त्याला?"

"दोनपैकी दोन."

देहूरोड आलं. ती उतरली आणि फलाटावरून माझ्या खिडकीशी आली. म्हणाली, "आईला इतक्यात बोलू नकोस."

मी आनंदले होते. दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही. देवळात हार घालून गुपचूप उरकता आलं असतं, तशी लग्नं तेव्हाही होतच होती. डेपोतल्या त्या कारकुनानेही तसं सुचवलं होतं. पण अक्काला ते नको होतं. "वाजतगाजत एकदा झालं माझं. आता पळून गेल्यासारखं नको. सरकारच्या कागदावर व्हावं, शिक्क्यासकट," असं ती मला म्हणाली.

दोघांनी रजा काढली आणि पुण्याच्या विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत गेली. मीही दुपारी तिथे पोचले. कचेरीतल्या कारकुनाने कागद तपासले, सह्या घेतल्या आणि सांगितलं, "आता ही नोटीस महिनाभर बाहेर फळ्यावर लागेल. कोणाची कायदेशीर हरकत आली नाही, तर नंतर तीन साक्षीदार घेऊन या."

महिनाभराच्या नोटिशीचं कलम मी वाचलेलं होतं. कोणी फसवून दुसरं लग्न करत असेल तर त्याला आळा बसावा, म्हणून ते ठेवलं असावं, अशी माझी समजूत होती. ते माझ्या डोक्यातून पुढे निघूनही गेलं होतं.

कचेरीच्या व्हरांड्यात जाळीचं दार असलेला फळा होता. शिपायाने आमच्यादेखत त्यात कागद टाचला. नाव, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण. अक्का जाळीशी उभी राहून वाचत होती. तिचं नाव आणि त्याचं नाव एकाखाली एक. ती त्याला म्हणाली, "टाईपात किती वेगळं दिसतं." आम्ही तिघांनी मग मंडईजवळ मिसळ खाल्ली. अक्काला तिखट सोसवत नव्हतं, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. तिला इतकं हसताना मी तिच्या पहिल्या लग्नाआधीच पाहिलं असेल.

त्याच इमारतीत जमिनीच्या दस्तांची नोंदणी व्हायची. आमच्या भावकीतला एकजण खरेदीखतासाठी तिथे आला. कारकुनाची जेवणाची सुट्टी होती म्हणून व्हरांड्यात हिंडत राहिला आणि फळा वाचायला लागला. पुढे त्यानेच हे कौतुकाने चारचौघांत सांगितलं, म्हणून मला कळलं.

आबा रविवारी सकाळी आले. आम्ही सगळे घरीच होतो. त्यांनी पायातलं काढलं, पाणी घेतलं आणि बाबांसमोर बसले. आवाज चढवला नाही.

"पोरीनं पुन्यात लगीन लावायचं ठरवलंय. तुला ठावं हाय का?"

बाबांनी अक्काकडे पाहिलं. अक्का दारात उभी होती. म्हणाली, "मी आज-उद्या सांगणारच होते बाबा."

"कोण?" बाबांनी विचारलं.

अक्काने सांगितलं. आई मोरीत भांडी घासत होती, तिचा आवाज थांबला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आबा, यात बेकायदा काही नाही. कायद्याने त्यांना हक्क आहे. आणि कुटुंबाला हरकत घेता येत नाही."

"व्हय, तेबी इच्यारलं आमी," आबा म्हणाले. "त्यो कचेरीतला कारकून म्हनला, घेता येत न्हाई. कायद्याला कोन न्हाई म्हनतंय? सरकारचा हाय त्यो, आसंल चांगला. पर उद्या माज्या दारात पान खायला कोन येईल? तुजं लगीन व्हायचंय. माज्या दोन नाती हायत. त्यांना कोन करून घेईल, ते सांग मला."

आबा चहा न घेता उठले. जाताना त्यांनी अक्काच्या डोक्यावरून हात फिरवला. ते खोटं नव्हतं. तिच्यावर त्यांचा जीव होता.

संध्याकाळी बाबांनी अक्काला जवळ बोलावलं. "तू सज्ञान आहेस. मी अडवणार नाही. पण मी लग्नाला येणार नाही. माझ्याच्याने होणार नाही."

"बरं," अक्का म्हणाली. ती रडली नाही. मला वाटलं, निभावलं. बाबांनी अडवलं नाही, कायदा अडवत नाही. उरलेले दिवस तेवढे जायला हवे होते.

ते दिवस भातलावणीच्या तोंडावरचे होते. कार्ल्याच्या खाचरांमध्ये लावणीला दरवर्षी डोंगरातल्या वस्त्यांवरची माणसं उतरायची. आमच्या भावकीच्या शेतांवर त्याच्या वस्तीतली घरं पिढ्यानपिढ्या येत होती. लावणीचे आणि कापणीचे ते दिवस म्हणजे त्यांचं वर्षाचं पोट. डोंगरउतारावर नाचणी-वरईशिवाय काही पिकत नव्हतं, आणि खालची पवनेकाठची शेतं धरणात जाणार असल्याने तिकडचं कामही सुटत चाललं होतं.

एका संध्याकाळी आम्ही लोणावळ्याला उतरलो, तर फलाटाच्या टोकाला एक म्हातारा उकिडवा बसलेला होता. डोक्याला मळकं फडकं, खांद्यावर घोंगडी. आम्हाला बघून उठला. कोणीतरी त्याला आम्ही कोण ते दाखवून दिलं असणार.

"तूच का गं ती, डेपोतली?" त्याने अक्काला विचारलं. "मी त्याचा बा."

अक्काने वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो गडबडून मागे सरकला. तिने त्याला बाकावर बसायला सांगितलं, पण तो खालीच बसला. म्हणून अक्काही त्याच्यासमोर फरशीवर बसली. मी चहा आणला. त्याने बशीत ओतून सावकाश प्याला, मग बोलला.

"त्यानं सांगितलं आमाला समदं. आमाला आनंदच हाय. तू आमच्यात आलीस तर आमी तुला काय बी कमी पडू देनार न्हाई. पर बाई, औंदा लावनीला येऊ नगा म्हनून सांगावा आलाय."

"कोणाला? तुम्हाला?" अक्काने विचारलं.

"अख्ख्या वस्तीला. भांडान न्हाई, तंटा न्हाई. मानसं गावली म्हनं दुसरी. माजं काय, मी म्हातारा मानूस. पर धा-बारा घरं हायत. ती माज्या तोंडाकडं बघत्यात. बोलत न्हाईत कुनी. बघत्यात निस्ती."

अक्काने विचारलं, "तुम्ही इथे आलात ते त्यांना माहीत आहे?"

"त्याला? न्हाई. त्यो रागं भरंल. त्यो म्हनतोय, सरकारात तक्रार करू. कुनावर करनार? कुनी मारलं न्हाई, कुनी शिवी दिली न्हाई."

मी तेव्हाही मनात कलमं शोधत होते. कामाला बोलवायचं नाही, याविरुद्ध कुठे काय आहे, ते मला आठवेना. तसं काही नव्हतंच.

अक्का बराच वेळ त्याच्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "तुम्ही घरी जा, बाबा. लावणीला बोलावतील तुम्हाला."

म्हातारा रडायला लागला. "मी काय मागायला न्हाई आलतो," असं तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. पण तो काय मागायला आला होता, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. अक्काने आपल्या डब्यात उरलेली भाकरी त्याच्या फडक्यात बांधून दिली आणि मळवलीच्या गाडीत बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला डेपोत सांगितलं. तो ऐकेना. मी वस्ती सोडतो, लांब बदली मागतो, दोघं जाऊ, असं म्हणाला. तिने उत्तर दिलं, "आपण जाऊ. ते कुठे जातील?" त्यांच्यात याहून काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही. तिने रविवारी गावाला जाऊन आबांना स्वतः सांगितलं, की हे लग्न होणार नाही. आबांनी तिला जेवायला थांबवून घेतलं. लावणीला डोंगरातली माणसं नेहमीसारखी उतरली.

काही महिन्यांनी तो बदली घेऊन दूर मध्य प्रदेशातल्या कुठल्याशा डेपोत गेला. अक्का त्याच गाडीने त्याच कामावर जात राहिली.

मी सरांना हे सगळं सांगितलं. तक्त्यातल्या त्या दोन गुणांवर माझी नजर जायची आणि मला ते खोडावेसे वाटायचे. सर चांगले होते. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकलं. मग म्हणाले, "पण गुण कमी कसे करायचे? कायदा तर आहे. देशाने त्याच्या बाजूने जे सांगायचं ते सांगितलं आहे."

मी म्हटलं, "सर, फळ्यावर नोटीस लावायचीही सक्ती त्याच कायद्याने केली आहे."

त्यांनी चष्मा पुसला. "प्रत्यक्षात काय होतं, ते आपण दुसऱ्या टप्प्यात मोजू," असं म्हणाले. त्यांच्या मनात ते खरंच होतं. पण दुसरा टप्पा कधी आला नाही. अहवाल छापून झाला, बाहेरदेशी गेला, आणि आम्हा मुलींना दुसऱ्या कामांवर घातलं.

त्यानंतर वर्षभरात माझं लग्न ठरलं. चांगलं स्थळ होतं, आबांनीच आणलं. गावी मांडव पडला. हळदीला बायकांचा गलका होता आणि अक्का मागच्या अंगणात चुलाणापाशी होती. मी निरोप पाठवला, तिने येऊन मला हळद लावावी म्हणून. ती आली नाही. मी स्वतःच उठून गेले, हळदीच्या ओल्या अंगाने. ती बुंदी पाडत होती. झाऱ्यावरची नजर न काढता म्हणाली, "मुहूर्ताच्या वेळी मी नको गं. असू दे. तू जा, सगळे थांबलेत." मी तशीच उभी राहिले, तेव्हा तिने चुलाणाच्या धुराने लाल झालेले डोळे वर केले आणि म्हणाली, "तुझं तरी सगळ्यांच्या समोर होऊ दे."

मांडवात आबा सगळ्यांना हाताने पान देत होते. कोणी नाही म्हटलं नाही. मी त्यांच्या पाया पडले, त्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला.

लग्नानंतर मी चिंचवडला राहायला गेले. अक्काला पुढे छातीचं दुखणं जडलं. डेपोतून घरी येईपर्यंत तिला धाप लागायची. तरी ती नोकरी सोडत नव्हती. तिच्या शेवटच्या आजारात बाबा निवृत्त झालेले होते. तिला उठवायचं, औषध द्यायचं, ते सगळं तेच करायचे. आईला करू देत नसत. एका दुपारी ती झोपलेली असताना ते मला बाहेर पडवीत म्हणाले, "मी येतो म्हणालो असतो लग्नाला, तर केलं असतं का गं तिने?" मला खरं काय ते माहीत नव्हतं. त्या म्हाताऱ्याचं बाबांना आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, "नसतं केलं, बाबा." त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं असं वाटलं नाही. पौषात अक्का गेली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी माहेरी निघाले होते. गाडी देहूरोडला थांबली तेव्हा फलाटावर तो दिसला. कानाजवळचे केस पांढरे झाले होते, हातात कापडी पिशवी होती. माझ्याच डब्यात चढला. मला ओळखून समोर बसला. वडील वारले होते, त्यांचं सगळं आटोपून तो डेपोतल्या जुन्या सोबत्यांना भेटायला आला होता आणि परत वस्तीवर चालला होता. खालची शेतं धरणाखाली गेली, आता वरून नुसतं पाणी दिसतं, असं सांगत होता. बायकोमुलांचं त्याने काही काढलं नाही, मीही विचारलं नाही.

वडगाव गेल्यावर त्याने विचारलं, "आणि घरी सगळे बरे आहेत?"

म्हणजे सोबत्यांनी त्याला सांगितलं नव्हतं, किंवा त्याने तिथे तिचं नाव काढलं नव्हतं. मी सांगितलं.

कामशेत आलं, गेलं. मग खाली बघत, त्या शुद्ध बोलणाऱ्या माणसाने म्हटलं, "मला कुनी कळवलं न्हाई."

"पत्ता नव्हता आमच्याकडे," मी म्हणाले.

"व्हय. कसा आसनार."

मळवलीला तो उतरला. उन्हात रूळ ओलांडून लोहगडाच्या वाटेला लागला. गाडी बराच वेळ सुटली नाही, त्यामुळे तो जाताना मला दिसत राहिला.